जखमी जवानांसाठी निधी गोळा करायचाय? मांडववाल्याला ॲडव्हान्स देण्याआधी हे वाचा

नोव्हेंबर सरत आला की आमच्या बेळगावच्या शहापुरात कुणी ना कुणी पोरगं दारात येऊन उभं राहतंच. "मामा, यंदा जवानांसाठी कायतरी करूया की." पोरं मनापासून बोलत असतात, पदरचे पैसे घालायचीही तयारी असते. मी चहा देतो आणि तीन गोष्टी विचारतो: कुणासाठी? कशाला? किती? बहुतेकदा तिन्हींची उत्तरं नसतात. 'कायतरी' एवढंच ठरलेलं असतं, आणि मांडववाल्याला ॲडव्हान्स मात्र देऊन झालेला असतो.

मी तीस वर्षं पतसंस्थेत हिशेब लिहिले. निवृत्तीनंतर मंडळाचा खजिनदार झालो आणि जखमी, अपंगत्व आलेल्या माजी सैनिकांसाठी पाच-सहा वेळा निधी गोळा केला. पहिला प्रयत्न साफ फसला, ते ओघात येईलच. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच, त्यामुळे खानापूर, निपाणी, हुक्केरी, चिकोडीकडे कुठंही जा, पलटणीतून पेन्शनवर आलेला माणूस भेटतो. सैनिकासाठी म्हटलं की इथं लोक फारसं न विचारता खिशात हात घालतात. म्हणून गोळा करणाऱ्यानं जास्त विचारायला हवं.

आधी घरी जाऊन या

जांबोटी रस्त्यावरच्या एका गावातले एक नाईक साहेब. नाईक हा त्यांचा हुद्दा. सुरुंगात उजवा पाय गुडघ्याखाली गेलेला. आमच्या पोरांनी त्यांना व्हीलचेअर द्यायची असं परस्पर ठरवून टाकलं होतं. म्हटलं, आधी जाऊन तरी येऊ. गेलो तर पडवीत दोन व्हीलचेअर उभ्या. एकीवर भाताचं पोतं, दुसरीवर नातवाचं दप्तर. दोन्ही कुठल्या ना कुठल्या सत्कारात मिळालेल्या.

नाईक साहेब कृत्रिम पायावर चालत बाहेर आले, कट्ट्यावर बसले, पाय काढून भिंतीला टेकवला आणि गुडघ्याखालच्या उरलेल्या पायावरचे मोजे एकेक करून उतरवले. एकावर एक असे तीन होते. उरलेला पाय कालांतराने सुकत जातो, मग कृत्रिम पायाची वाटी ढिली पडते. ती मोज्यांनी भरून काढायची. तेही पुरेना झालं की पुण्याला आर्टिफिशियल लिंब सेंटरला जाऊन नवी वाटी बसवून घ्यायची. हे केंद्र लष्कराचं, १९४४ पासूनचं, काम उत्तम. "पाय मिळतोय हो तिथं," वहिनी म्हणाल्या, "पण जायला लागतंय की. ह्यांच्यासोबत मी गेले की माझा रोज बुडतोय, म्हशीला कोण बघणार?" आणि घरातली अडचण वेगळीच. संडास परसात, तीन पायऱ्या उतरून, पावसाळ्यात चिखलातून. रात्री पाय काढून झोपलेला माणूस तिथवर जाणार कसा? नाईक साहेब हसून म्हणाले, "खुर्ची नको. पायऱ्या घालवा."

त्या एका भेटीत आमचं अंदाजपत्रक तयार झालं. परसदारी सिमेंटचा उतार, घराला लागून कमोडचा संडास, धरायला दोन्ही बाजूंनी पाइप आणि पुण्याच्या दोन फेऱ्यांचा खर्च. गवंड्याकडून अंदाज लिहून घेतला. पुढं वर्गणी मागताना नाव झाकून तो कागदच दाखवायचो. 'वीर जवानांसाठी सढळ हाताने' असं छापलेल्या पत्रकापेक्षा त्या गवंड्याच्या चिठ्ठीनं जास्त पैसे जमवले.

भेटीला जाताना दोघं-तिघंच जा, त्यात एक त्याच गावचा जुना माजी सैनिक असू दे. फोन खिशात ठेवा. 'कसं झालं?' हे विचारू नका. त्यांना सांगायचं असेल तर ते सांगतील, चौथ्या चहाला सांगतील. विचारायचं ते हे: दिवसभरात कुठं अडतं? दवाखान्याला कसं जाता? घरातल्या कुणाचं काम तुमच्यामुळं खोळंबतं? आणि सगळ्यात महत्त्वाचं, आम्ही काही केलं तर तुमचं नाव, फोटो चालेल का? 'नको' म्हणाले तर विषय संपला. नाव न सांगताही निधी जमतो.

पैसे हवेत की अर्ज?

हुक्केरीकडच्या एका हवालदार साहेबांकडे आम्ही अशीच यादी करायला गेलो होतो. त्यांची अडचण पैशाची, पण वर्गणीनं सुटणारी नव्हती. 'स्पर्श' या पेन्शनच्या ऑनलाइन यंत्रणेत हयातीचा वार्षिक दाखला गेला नव्हता, म्हणून पेन्शन थांबलेली. आमच्यातल्या एका पोरानं मोबाइलवर तासभर घालवला आणि काम झालं. एक रुपया लागला नाही.

तेव्हा दुसरी भेट कागदांची. डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शनचा मंजुरी आदेश, मेडिकल बोर्डाचे कागद, माजी सैनिक ओळखपत्र समोर ठेवून बसा. अपंगत्व सेवेमुळं आलं असं मान्य झालंय का, टक्केवारी किती धरलीय, ते बघा. शंभर टक्के अपंगत्व असेल तर सोबतीच्या माणसासाठी वेगळा भत्ता असतो, तो चालू आहे का? औषधोपचारासाठी ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड आहे का? बेळगावात त्यांचं पॉलिक्लिनिक आहे. हवालदार हुद्द्यापर्यंतच्या माजी सैनिकांच्या मुलांच्या शिक्षणाला केंद्रीय सैनिक बोर्डाकडून मदत मिळते, अर्ज ऑनलाइन करायचा असतो. हे सगळं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नीट समजावून मिळतं, आणि त्या कार्यालयाला तुमच्या कामाची कल्पना सुरुवातीलाच दिलेली बरी.

सीमाभागातली एक खास गाठ आहे, ती सोडवूनच पुढं जा. चंदगडचा माणूस बाजार, दवाखाना, लग्नाचा बस्ता सगळं बेळगावात करतो, पण त्याची नोंद कोल्हापूरच्या जिल्हा सैनिक कार्यालयात असते. बेळगावच्या कार्यालयात त्याचा कागद सापडणार नाही. घर इकडं झालं असेल तर आधी नोंद इकडं बदलून घ्यावी लागते. हे न कळल्यामुळं माणसं दोन्ही दारांत हेलपाटे घालतात.

आणखी एक. गावाकडं खाकी किंवा हिरवा गणवेश दिसला की सगळेच 'मिलिटरीवाले'. पण सीआरपीएफ, बीएसएफ ही गृह मंत्रालयाखालची दलं. खानापूरजवळ तोराळीला सीआरपीएफच्या कोब्रा (जंगलयुद्धाच्या) जवानांचं प्रशिक्षण केंद्र आहे, त्यामुळं हा घोळ आपल्याकडं नेहमी होतो. तिथला जखमी जवान मदतीला कमी पात्र आहे असं मुळीच नाही, पण सैनिक बोर्डाच्या योजना त्याला लागू होत नाहीत, त्याचे रस्ते वेगळे. पत्रकात 'माजी सैनिक' छापून पैसे गोळा करायचे आणि द्यायचे वेगळ्यालाच, असं झालं की वर्षभर लोक तोंडावर बोलतात.

पैसे कुणाच्या नावावर?

नवख्यांना माझा सल्ला रोखठोक आहे: पहिल्या वर्षी पैसे स्वतःच्या हातात घेऊच नका. देणगीदारानं थेट निधीच्या नावानं चेक लिहावा, तुम्ही फक्त माणसं जोडून द्यावीत.

सगळ्यांत ओळखीचा म्हणजे सशस्त्र सेना ध्वजदिन निधी. ध्वजदिन १९४९ पासून ७ डिसेंबरला पाळतात. लाल, गडद निळा आणि आकाशी रंगाचे ते छोटे कागदी झेंडे आपण सगळ्यांनी शाळेत छातीला लावलेत. झेंडे आणि पावत्या जिल्हा सैनिक कार्यालयातूनच घ्यायच्या. बाहेर छापून विकायच्या नाहीत. दुसरा, लढाईत कामी आलेल्या किंवा अपंगत्व आलेल्या जवानांसाठीचा सशस्त्र सेना युद्धहताहत कल्याण निधी, त्याचं 'माँ भारती के सपूत' हे संकेतस्थळ २०२२ साली सुरू झालं. या निधीच्या नावानं फिरणारे व्हॉट्सॲप निरोप डोळे झाकून पुढं ढकलू नका. एप्रिल २०२५ मध्ये सैन्यासाठी देणगी मागणारा एक दिशाभूल करणारा निरोप इतका फिरला की संरक्षण मंत्रालयाला खुलासा करावा लागला. खाते क्रमांक नेहमी सरकारी संकेतस्थळावरूनच उतरवून घ्या, कुणाच्या स्टेटसवरून नाही.

संस्थेला द्यायचं असेल तर पुण्याची खडकी आपल्याला जवळ. तिथं पाठीच्या कण्याला मार लागून कमरेखाली किंवा मानेखाली लुळे पडलेल्या सैनिकांचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे, १९७४ सालापासून. त्यातले काही जण तोंडात ब्रश धरून चित्रं काढतात. तिथंच क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट, पहिल्या महायुद्धात, १९१७ साली निघालेली, अपंगत्व आलेल्या सैनिकांना हाताला काम शिकवणारी. दोन्ही ठिकाणी आधी पत्र लिहून काय हवंय ते विचारा. एकदा जाऊन बघा, जमलं तर पोरांना घेऊन जा. परतीच्या गाडीत पोरं कमी बोलतात, पण पुढच्या कार्यक्रमाला एकही गैरहजर राहत नाही.

एखाद्या ठरावीक माणसासाठीच गोळा करायचं असेल तर मात्र संस्था, खातं, सह्या हे सगळं लागतं. नोंदणी झालेली संस्था किंवा ट्रस्ट असेल तर त्याच्या नावानं स्वतंत्र बचत खातं काढा, दोघांच्या सहीशिवाय पैसा निघणार नाही असं. अध्यक्षाच्या पोराच्या यूपीआयवर पैसे घेऊ नका. पोरगं लाख चांगलं असेल, पण त्याच्या खात्यात मोबाइल रिचार्ज आणि जवानांचा निधी एकाच पानावर दिसतो. संस्थेची 'ऐंशी जी' नोंदणी नसेल तर 'करसवलत मिळेल' हे शब्द पत्रकात घालू नका. असली तरी दोन हजारांवरच्या रोख देणगीला ती मिळत नाही.

आणि एक गोष्ट आम्हाला सीएनं सांगितली तेव्हा मी कपाळाला हात लावला. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात पन्नास हजारांवर रक्कम थेट माणसाच्या खात्यात आली की ती त्याचं करपात्र उत्पन्न ठरू शकते. आपण मदत करायची आणि त्याला नोटीस यायची! म्हणून गवंड्याचं बिल गवंड्याला, दुकानाचं दुकानाला असं संस्थेच्या खात्यातून द्या आणि रक्कम मोठी असेल तर सीएला आधी विचारा.

दुबईतल्या पुतण्याचे पैसे? तो भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या कमाईतून देत असेल तर अडचण नाही. विदेशी नागरिकत्व घेतलेल्याकडून मात्र एफसीआरएच्या, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याच्या, नोंदणीशिवाय एक रुपयाही घेऊ नका.

तारीख

७ डिसेंबर सगळ्यांच्या डोक्यात असतो, पण बेळगावात डिसेंबर म्हणजे सुवर्ण विधानसौधातलं अधिवेशन. पोलीस बंदोबस्तात गुंतलेले, मोर्चे, रस्ते बंद. ध्वजदिनाचे झेंडे त्या आठवड्यात वाटा, मोठा कार्यक्रम करू नका. १ नोव्हेंबरच्या आसपास तर अजिबात नको, कर्नाटक राज्योत्सव आणि मराठी माणसांचा काळा दिन एकाच दिवशी. २६ जुलैचा कारगिल विजय दिवस मनाला पटतो, पण तेव्हा खानापूर-जांबोटीकडं धो-धो पाऊस आणि भाताची लावण, येणार कोण? १४ जानेवारीला माजी सैनिक दिन असतो, फील्ड मार्शल करिअप्पा १९५३ साली त्या दिवशी निवृत्त झाले म्हणून. पण त्याच दिवशी आपली संक्रांत.

मला ४ फेब्रुवारी आवडतो. मराठा लाइट इन्फंट्रीचा मराठा दिन, १६७० साली तानाजीनं कोंढाणा घेतला त्याची आठवण. हवा चांगली, सुगी आटोपलेली, परीक्षा अजून लांब. त्या दिवशी केंद्रातले आणि पेन्शनवरचे लोक पलटणीच्या कार्यक्रमात असतात, म्हणून आपला कार्यक्रम त्याच्या पुढच्या रविवारी.

दौड, कुस्ती की हळदीकुंकू?

आता आमच्या फसलेल्या प्रयत्नाचं. आम्ही दौड ठेवली होती. दौडीचा हिशेब साधारण असा असतो: समजा तीनशे धावपटू, प्रत्येकी ४०० रुपये, म्हणजे १,२०,००० जमा. टी-शर्ट १८० रुपयांचा, ५४,००० गेले. पदक साठाचं, १८,०००. नाश्ता पन्नासचा, १५,०००. मांडव, स्पीकर, रुग्णवाहिका मिळून २०,०००. हातात उरतात १३,०००. आमचे त्याहून कमी उरले, कारण पावसामुळं निम्मे लोक आलेच नाहीत आणि टी-शर्ट मात्र सगळे छापून झाले होते. अजून आमच्या घरी गाड्या पुसायला तेच वापरतात.

दौड वाईट नाही. पण तिचा खर्च आधी दुकानदारांकडून उभा करा आणि नोंदणीचे पैसे पूर्ण निधीत टाका. पदक नको, कागदी प्रमाणपत्र चालतं. आणि व्हीलचेअरवरच्यांसाठी वेगळा, सपाट, छोटा टप्पा ठेवा, नुसतं झेंडा दाखवायला बोलावू नका. १९६५च्या युद्धात गोळ्या लागलेल्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ साली हायडेलबर्गला पन्नास मीटर पोहण्यात ३७.३३ सेकंदांत पॅरालिंपिकचं सुवर्ण मिळवलं, भारताचं पहिलंच. गृहस्थ आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातले. मैदानात उतरायला मिळालं तर कोण काय करील याचा अंदाज कट्ट्यावर बसून करू नये.

कुस्तीचं मैदान आपल्याकडं हमखास गर्दी खेचतं. तिथं इनामाची एकेक जोड एकेका दुकानदारानं उचलायची आणि प्रवेशाच्या जागी देणगीपेट्या ठेवायच्या. भजनी मंडळांची स्पर्धा सगळ्यांत स्वस्त. कुंदा-विक्री बरी चालते, मिठाईवाल्यानं उत्पादनखर्चात दिला तर.

पण गेल्या काही वर्षांत सगळ्यांत स्वच्छ पैसा आला तो बायकांच्या हळदीकुंकवातून. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी वाण लुटतात: प्लॅस्टिकचे डबे, चाळण्या, कंगवे. वडगावच्या एका महिला मंडळानं ठरवलं, यंदा वाण नाही, वाणाचे पैसे पेटीत. खर्च शून्य, मांडव शून्य, भाषण शून्य. पेटी उघडली तेव्हा मी दोनदा मोजली, आकडा चुकला असं वाटून.

एक धोक्याची सूचना: लकी ड्रॉची तिकिटं छापू नका. सीमेपलीकडं महाराष्ट्रात लॉटरीचं दुकान दिसतं म्हणून इकडं चालेल असं नाही. कर्नाटकात २००७ पासून लॉटरीवर बंदी आहे. 'जवानांसाठी आहे' हे कायद्याला सांगून उपयोग नाही.

परवानग्या

भरभर सांगतो. शहरात पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीतलं ठाणं, तालुक्याला तिथलं ठाणं. मैदान शाळेचं असेल तर शाळेचं पत्र, रस्ता वापरणार असाल तर वाहतूक पोलीस, कॅम्प भागात असेल तर कॅन्टोन्मेंट बोर्ड. फलकाला महापालिकेची किंवा पंचायतीची परवानगी. प्लॅस्टिक फ्लेक्सवर राज्यात २०१६ पासून बंदी आहे, कापडी फलक करा. स्पीकर रात्री दहाला बंद म्हणजे बंद. लष्करी बँड हवा असेल तर दोन महिने आधी लेखी अर्ज, आणि 'नाही' म्हटलं तर राग नको. छावणीच्या आसपास ड्रोन उडवू नका, पोरांना हे आधीच दरडावून सांगा.

अर्ज कन्नडमध्ये द्या. काही जणांना हे खटकेल. तरुणपणी भाषेच्या मोर्चात मीही होतो, म्हणून सांगायचा हक्क आहे: कन्नडमधला अर्ज टेबलावर अडत नाही. पत्रकही दोन्ही भाषांत काढा. बैलहोंगल, रामदुर्गकडचे कितीतरी माजी सैनिक कन्नड बोलणारे आहेत, त्यांनाही ते वाचता आलं पाहिजे. आणि व्यासपीठावर कुठल्याच पक्षाचा पुढारी नको. एकाला बोलावलं की दुसऱ्याचा फलक फाटतो आणि दुसऱ्या दिवशी बातमी फलकाची येते.

हौसेनं कुणी लष्कराचा गणवेश घालून येऊ नये. सैनिक असल्याचं भासवण्यासाठी तो घालणं गुन्हा आहे. तिरंगा टेबलावर अंथरू नका. कार्यक्रमानंतर जमिनीवर पडलेले कागदी झेंडे गोळा करायला दोन पोरं नेमा.

पावती आणि पेटी

इथं मी थोडा जास्त रेंगाळणार, माझं आयुष्य यात गेलंय.

पावती पुस्तकं दोन रंगांची छापा. गुलाबी म्हणजे कार्यक्रमाचा खर्च, पांढरी म्हणजे निधी. देणाऱ्याला आधी विचारायचं, "साहेब, कशाला देताय?" मांडवाचे पैसे मांडववाल्यासाठी मागा, लाजू नका. लोक देतात. पण पांढऱ्या पावतीचा एक रुपयाही चहाला जाता कामा नये. 'जेवणावळीला किती गेले हो?' हा प्रश्न आपल्याकडं कार्यक्रमानंतर येतोच. त्याला रंगावरून उत्तर देता आलं पाहिजे.

प्रत्येक पुस्तकाला क्रमांक, आणि कुठलं पुस्तक कुणाकडं आहे याची वही. पुस्तक परत आलं की कोरी पानंसुद्धा मोजायची. रद्द पावती फाडून टाकायची नाही, आडवी रेघ मारून तिथंच ठेवायची. एकदा एका पुस्तकात मधलीच पावती गायब होती. पोरगं रडकुंडीला आलं. पावती त्याच्या आजीनं देवापुढं ठेवली होती, सैनिकांचं नाव छापलंय म्हणून. पण सापडेपर्यंतचे दोन दिवस त्याच्यावर काय गेले ते त्यालाच माहीत.

पेटीला कुलूप पुरत नाही. फटीवर कागदाची पट्टी चिकटवून त्यावर दुकानदाराची आणि आपली अशा दोन सह्या. उघडताना दुकानदार समोर पाहिजे. मोजणी त्याच संध्याकाळी, सतरंजी अंथरून, दार उघडं ठेवून, तिघांनी. नाणी पिग्मीवाल्याला द्या, त्याला सुट्ट्याची गरज असतेच, तो हसत नेतो. नोटा दुसऱ्या दिवशी बँकेत. क्यूआरचा कागद लॅमिनेट करून आपल्याच माणसाच्या गळ्यात अडकवा. भिंतीवर चिकटवलेल्या क्यूआरवर कुणी आपला कागद डकवून गेला तर तुम्हाला संध्याकाळपर्यंत कळत नाही. दर तासाला एक रुपया पाठवून खात्री करा.

त्या दिवशी

आमच्या त्या पहिल्या कार्यक्रमात आणखी एक चूक झाली, पावसापेक्षा मोठी. व्हीलचेअरवरचे एक सुभेदार साहेब प्रमुख पाहुणे होते आणि व्यासपीठ चार फूट उंच. चार पोरांनी खुर्चीसकट त्यांना उचललं. एक चाक फळीला अडकलं, खुर्ची कलली, साहेबांनी फोटोवाल्याच्या खांद्याला धरलं. टाळ्या चालूच होत्या. भाषणात त्यांनी आमचे आभार मानले. जाताना माझ्या कानाशी म्हणाले, "काका, पुढच्या वेळी मला खालीच बसवा. लढाईत सुद्धा मला एवढं उचललं नव्हतं."

तेव्हापासून आमच्याकडं व्यासपीठच नाही. सगळे जमिनीवर, एकाच पातळीवर. कार्यालय निवडताना दारातली पायरी मोजा: एक इंच उंचीला बारा इंच उतार लागतो. म्हणजे सहा इंचांची पायरी असेल तर सहा फूट लांब फळी. आखूड फळी टाकली की ती घसरगुंडी होते. संडासाचं दार तीन फूट रुंद आहे का आणि आत खुर्ची वळते का, ते स्वतः रिकामी खुर्ची नेऊन बघा. आपल्याकडच्या बऱ्याच मंगल कार्यालयांत इथंच घोडं अडतं. मग शाळेचं पटांगण बरं.

फटाके लावू नका. अचानक ॲटम बॉम्ब फुटला की काही जणांच्या अंगावर काटा येतो, हात थरथरतात, आणि ते तुम्हाला सांगणार नाहीत. ढोल-ताशा हवाच असेल तर आधी सांगून, लांबून. निवेदकाला बजावा: 'बिचारे', 'दुर्दैवी' हे शब्द नकोत, आणि दुसऱ्याच्या जखमेचं वर्णन करून टाळ्या घ्यायच्या नाहीत. हुद्द्यानं हाक मारा, नाईक साहेब, हवालदार साहेब. वीरनारी, म्हणजे कामी आलेल्या जवानांच्या पत्नी, आल्या असतील तर त्यांना आधी नीट बसवा, कार्यक्रमाच्या मध्येच हात धरून उभं करू नका. तो पुठ्ठ्याचा मोठा चेक मात्र करूच नका. कुणाला किती मिळाले हे सगळ्या गावाला दाखवलं की दुसऱ्या दिवशी उसने मागणारे दारात.

पोचवणं आणि पुन्हा जाणं

पंधरा दिवसांत जमाखर्च लिहून मंडळाच्या फळ्यावर लावा, व्हॉट्सॲपवर टाका, मोठ्या देणगीदारांना घरी नेऊन द्या. निधीच्या पावतीची, गवंड्याच्या बिलाची झेरॉक्स जोडा. कुणाचं नाव उघड करायचं नसेल तर 'एक माजी सैनिक, खानापूर तालुका' एवढं पुरे. शिल्लक राहिली तर ती पुढच्या वर्षाच्या नावानं खात्यातच, सहलीला नाही. पुस्तकं आठ-दहा वर्षं कपाटात ठेवा.

आणि एक पावसाळा गेल्यावर पुन्हा घरी जा. नाईक साहेबांकडचा उतार आम्ही मार्चमध्ये करून दिला होता, गुळगुळीत, गवंड्यानं हौसेनं घोटून काढलेला. ऑगस्टमध्ये गेलो तर त्यावर हिरवं शेवाळ, आणि साहेबांनी खताची रिकामी पोती दगडांखाली दाबून अंथरलेली. बोलले काहीच नाहीत, पोती जरा सरळ करून घेतली. गवंड्याला तिथूनच फोन लावला: उतारावर आडव्या खाचा पाडायला किती घेणार?